पाचवे कारण

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारा वैद्य रोग्याला तोंड उघडावयास सांगतो, जीभ बाहेर काढावयास लावतो, मान मागे टाकावयास सांगतो आणि हनुवटीखाली तीन बोटे धरून काहीतरी मोजतो. रोग्याला व त्याच्या आप्तांना हा विधी बहुधा किरकोळ वाटतो. दुखणे पोटाचे असता तोंडात काय पाहावयाचे, असेही कित्येकांच्या मनात येते. परंतु या दोन मिनिटांच्या तपासणीमागे एक प्रश्न उभा आहे आणि त्याचा विचार एकट्या वैद्यांनी करून भागणार नाही, असे आम्हांस वाटते. पुढे काय घडेल हे ज्याला निश्चयाने सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याचा प्राण हाती घ्यावा काय, आणि घ्यावयाचाच झाला तर कोणत्या वृत्तीने घ्यावा, हा तो प्रश्न होय.

प्रथम प्रत्यक्ष काय घडते ते सांगितले पाहिजे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल केले, की रोग्याचा स्वतःचा श्वास थांबतो. त्यानंतर त्याच्या वतीने श्वास घेण्याचे काम वैद्याकडे येते. जिभेच्या मुळाशी, नजरेच्या सरळ रेषेत सहसा न येणाऱ्या जागी, स्वरयंत्र असते. दिवा बसविलेल्या पात्याने जीभ उचलावयाची आणि दोन स्वररज्जूंच्या मधून श्वासनलिकेत नळी सरकवावयाची. बहुतेक रोग्यांत हे काम एका मिनिटाच्या आत उरकते. पण कोणाची हनुवटी आखूड असते, कोणाचा जबडा उघडत नाही, कोणाची मान संधिवाताने ताठलेली असते, आणि मग पाते कितीही फिरविले तरी स्वरयंत्र दिसत नाही. अशा वेळी तोंडावर मुखवटा धरून फुप्फुसात प्राणवायू भरता आला, तर अवधी मिळतो. तोही भरता आला नाही, तर हाती उरतात ती थोडी मिनिटे. भूल देण्याआधी तीन मिनिटे शुद्ध प्राणवायू घ्यावयास लावतात तो याचसाठी. ती शिदोरी असते. निरोगी माणसाला ती काही मिनिटे पुरते. स्थूल मनुष्य, गरोदर स्त्री आणि लहान मूल यांची लवकर संपते.

असा प्रसंग कोणावर येणार हे आधी ओळखता आले तर किती बरे, या विचाराने वैद्यांनी अनेक खुणा शोधून काढल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध खूण मूळच्या आंध्रातील व पुढे अमेरिकेत बॉस्टन येथे काम केलेल्या डॉ. मल्लंपाटी यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. रोग्याने बसून तोंड पूर्ण उघडावे, जीभ बाहेर काढावी. पडजीभ व टाळूचा मऊ भाग पूर्ण दिसला तर वाट बहुधा मोकळी, आणि जिभेने सारे झाकले तर अडचणीचा संभव. त्यांनी तीन वर्ग सांगितले होते. १९८७ साली दुसऱ्यांनी चौथा जोडला. कंठमण्यापासून हनुवटीपर्यंतचे अंतर, खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो की नाही, मान किती मागे जाते, या इतर खुणा. आज जगभरच्या रुग्णालयांत त्या पाहिल्या जातात.

आता या खुणांचे मोल किती, ते पाहावे. डेन्मार्कमध्ये भुलेच्या राष्ट्रीय नोंदींतून १,८८,०६४ रोग्यांचा अभ्यास करण्यात आला व तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ३,३९१ जणांना नळी घालणे अवघड गेले, आणि या अवघड गेलेल्यांपैकी शेकडा ९३ जणांविषयी वैद्यांना आधी शंकासुद्धा आलेली नव्हती. उलट ज्या ९२९ रोग्यांविषयी अडचण येणार असे भाकीत केले होते, त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांशांतच ती आली. जगातील उत्तम नोंदी ठेवणाऱ्या देशात, शिकलेल्या व अनुभवी माणसांचा अंदाज इतका चुकावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

गोमंतकातील देवळांतून कौल घेण्याची चाल आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पाकळी उजवीकडे पडली की संशय फिटतो, आणि भाविक निश्चिंत मनाने कार्याला लागतो. देवाला विचारलेल्या प्रश्नाला ते शोभते. परंतु रोग्याची पडजीभ नीट दिसली एवढ्यावरून वैद्य जर असाच निश्चिंत झाला, तर ज्या खुणेने त्याला सावध करावयाचे तिनेच त्याला निजविले असे होईल. खूण शुभ आली म्हणून तयारीत उणे ठेवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. आमच्या मते या साऱ्या विषयातील नीतीचा पहिला धागा येथे आहे.

कोणी म्हणेल, अंदाज इतके फसतात तर तपासणी करावयाची कशाला? हा आक्षेप आम्हांस उथळ वाटतो. ज्या थोड्या रोग्यांची अडचण खरोखर दिसून येते, त्यांच्यासाठी वाट निराळी आहे. त्यांना झोपवावयाचेच नाही. घसा बधिर करून, ते जागे असताना, स्वतःचा श्वास स्वतः घेत असताना, लवचिक दुर्बिणीवरून नळी आत न्यावयाची. ही युक्ती प्रथम १९६७ साली एका ब्रिटिश वैद्याने पित्तनलिकेच्या दुर्बिणीने केली. तिने किती जीव वाचविले असतील याची गणती नाही. तपासणी न करणारा वैद्य या वाटेकडे वळणारच नाही. ब्रिटनमध्ये २००८-०९ या एका वर्षातील सुमारे २९ लाख भूलप्रयोगांचा धांडोळा घेण्यात आला, तेव्हा श्वासमार्गाचे १३३ गंभीर अपघात व १६ मृत्यू आढळले. त्यांची कारणे पाहता तपासणीतली हयगय आणि आधी आखणी न करणे ही वारंवार दिसून आली. प्रमाण थोडे आहे, बावीस हजारांत एक एवढेच. पण ज्या घरचे माणूस गेले त्या घराला बावीस हजारांचा हिशेब काय सांगावयाचा?

तेव्हा अंदाज करावयाचा, आणि तो चुकेल असे धरूनही चालावयाचे. ही दोन्ही एका मनात कशी नांदावयाची? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. त्यापुढे लगेच असा अभिप्राय येतो, की हे सारे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. भाष्यकारांनी हे वचन आत्म्याच्या अकर्तेपणाकडे नेले आहे आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहे. आम्ही येथे त्याचा व्यवहारातला अर्थ घेतो. रोग्याचे शरीर हे अधिष्ठान, वैद्य कर्ता, पाते आणि नळी ही साधने, हाताची हालचाल ही क्रिया. आणि या चारांच्या हिशेबात न मावणारे जे उरते, ते पाचवे. डेन्मार्कच्या नोंदींनी त्या पाचव्याचे माप काढले, एवढेच म्हणावयाचे.

दैवाचे नाव घेतले की आमच्याकडे हात जोडून बसण्याची सवय आहे. ती गीतेची शिकवण नव्हे, आणि आमच्या जुन्या शल्यशास्त्राचीही नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्रोपहरणीय नावाचा एक अध्यायच आहे. शस्त्र चालविण्यापूर्वी काय काय जवळ आणून ठेवावे हे त्यात सांगितले आहे. यंत्रे, शस्त्रे, अग्नी, कापूस, पट्ट्या, पाणी, आणि धीराचे, बळकट परिचारक. मुखरोगादी काही विकारांत रोग्याने जेवलेले नसावे, अशीही सूचना त्यात आहे. हे सारे ज्याने लिहिले त्याला दैव ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? दैव ठाऊक होते म्हणूनच त्याने यादी केली.

इथवर कोणाचा मतभेद व्हावयाचा नाही. कसोटी पुढे आहे, आणि ती एका प्रत्यक्ष घटनेवरून अधिक स्पष्ट होईल.

२००५ सालच्या मार्च महिन्याच्या २९ तारखेस इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली ही ३७ वर्षांची, दोन लहान मुलांची आई, नाकाच्या पोकळ्यांवरील साध्या शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयात आली. भूल दिल्यावर श्वासमार्ग उघडा राहीना. मुखवटा बसेना, प्राणवायू आत जाईना, चेहरा निळसर पडला. अनुभवी भूलतज्ज्ञ नळी घालू लागले. त्यांच्या मदतीला दुसरे भूलतज्ज्ञ आले, कान-नाक-घशाचे शल्यवैद्यही होते. तिघेही आपल्या कामात निष्णात. अशा वेळी गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद घेऊन श्वासनलिका उघडावी हा नियम त्या काळीही लिहिलेला होता. एका परिचारिकेने त्यासाठी लागणारी हत्यारे आणली व ती आणल्याचे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवण्यास कळविले; परंतु आपण उगाच घाबरलो अशा नजरेने पाहिले जाते असे वाटून तिने ती खाट परत केली. वैद्य नळीचेच प्रयत्न करीत राहिले. वीस मिनिटांहून अधिक वेळ प्राणवायूवाचून गेला. ती स्त्री पुन्हा शुद्धीवर आली नाही. तेरा दिवसांनी तिचे निधन झाले.

या तिघांना काय ठाऊक नव्हते? आम्हांस तर असे दिसते, की ठाऊक असावयास हवे ते सर्व त्या खोलीत हजर होते. ज्ञान होते, हत्यार होते, हात होते; आणि सल्लाही होता, पण तो धाकट्यांच्या तोंडी होता. उणीव पडली ती एका वाक्याची. "नळी जात नाही, आता हा प्रयत्न थांबवू या", एवढे त्या तिघांपैकी कोणी मोठ्याने म्हणावयास हवे होते. हे वाक्य उच्चारणे इतके कठीण का जाते?

फळाविषयीच्या आसक्तीबद्दल आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने साधनाविषयीच्या आसक्तीचा विचार थोडा झाला, असे आमचे मत आहे. वैद्याला रोगी जगावा असे वाटत होते यात शंका नाही. पण नळी घालणे हे साधन हळूहळू साध्याच्या जागी जाऊन बसले. आणखी एक प्रयत्न, पात्याचा थोडा निराळा कोन, थोडी बारीक नळी. आणि मधल्या काळात जे नळीकरिता नव्हे तर ज्याकरिता नळी, तो प्राण दृष्टीआड झाला. छांदोग्यातील इंद्रियांच्या कलहाची कथा येथे आठवते. वाणी गेली, डोळे गेले, कान गेले तरी शरीर तगले. प्राण निघू लागताच मात्र सर्वांचे खुंटे एकदम उपटू लागले. कोणते आधी आणि कोणते मागून, याचा निवाडा इतक्या जुन्या काळी होऊन गेलेला असताना, हातात पाते असलेल्या माणसाला तो विसरावयास तीन-चार मिनिटे पुरतात.

ही विस्मृती मूर्खाला होते असे नाही. कुशल माणसाला ती अधिक सहज होते, कारण हजार वेळा साधलेले काम आज साधत नाही हे त्याच्या हाताला पटत नाही. म्हणून ब्रिटनमधील या विषयाच्या संघटनेने २०१५ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात प्रयत्नांची संख्याच बांधून टाकली: तीन प्रयत्न, आणि अधिक अनुभवी माणूस आला तर त्याचा एक. त्यानंतर अपयश मोठ्याने जाहीर करावयाचे व पुढील पायरीस जावयाचे. जिभेमागे बसणारा मुखवटा, मग तोंडावरचा मुखवटा, आणि काहीच साधले नाही तर गळ्यावर छेद. आपल्या देशातील वैद्यांच्या संघटनेनेही २०१६ साली येथील परिस्थितीस जुळणारे नियम केले. प्रयत्न चालू असता नाकावाटे प्राणवायू सोडीत राहावा, आणि रक्तातील त्याचे प्रमाण शेकडा ९५ च्या खाली गेले असता पुन्हा नळीच्या मागे लागू नये, असे त्यांत आहे.

काही जुन्या वैद्यांना हे आकडे अपमानकारक वाटतात. कुशल हाताला मोजमाप कशाला, असे ते म्हणतात. आम्हांस हा नियम व्रताच्या जातीचा वाटतो. मन शांत असताना, कोणाचाही प्राण कंठाशी आलेला नसताना, माणसाने स्वतःला आधीच बांधून घेतलेले असते. कारण त्या घटकेला आपला विवेक आपल्यापाशी असेलच याची त्याला खात्री नसते. ही अविश्वासाची गोष्ट खरी, पण तो अविश्वास स्वतःविषयीचा आहे, आणि तो बाळगणाऱ्याच्या हाती आम्ही आमच्या घरचे माणूस निःशंक सोपवू.

त्या परिचारिकांविषयीही थोडे बोलले पाहिजे. वडीलधाऱ्यांपुढे तोंड न उघडणे ही आमच्या समाजात सभ्यता मानली जाते, आणि तिचे गुण आम्ही नाकारीत नाही. आमच्या देवळांत महापूजा चालली असता मुख्य भटजींना मध्येच टोकणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही. तथापि निरांजनातले तूप सरत आले हे बहुधा तबक धरून उभ्या असलेल्या पोरालाच आधी दिसते, आणि ते त्याने सांगितले म्हणून कोणाचा मान कमी झाल्याचे ऐकिवात नाही. शिवाय पूजेत न्यून राहिले तर शेवटी क्षमापनाची सोय आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर ती नाही. १९७७ साली टेनेरीफ बेटावर दोन विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली, तेव्हाही दुसरे विमान वाटेतून दूर झाले की नाही अशी शंका कनिष्ठ सहकाऱ्याने काढली होती आणि मुख्य वैमानिकाने ती झटकून टाकली होती. विमानवाल्यांनी त्यानंतरच्या काळात धाकट्यांना बोलावयास आणि थोरांना ऐकावयास रीतसर शिकविले. यावर सर्वच बोलू लागले तर आज्ञा कोणी द्यावयाची, असा प्रश्न येईल. आज्ञा एकानेच द्यावी. मात्र आज्ञा देणाऱ्याने काम सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे, की माझे चुकते आहे असे दिसले तर मला नावाने हाक मारून सांगा. एवढे एक वाक्य आधी उच्चारले गेले, तर पुढचे कठीण वाक्य उच्चारणे सोपे जाते.

एलेनचे पती मार्टिन ब्रोमिली हे स्वतः वैमानिक. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी असा आग्रह धरला नाही. काय घडले याची निःपक्षपाती चौकशी व्हावी असा धरला. चौकशी झाली. पुढे २००७ साली त्यांनी वैद्यकातील मानवी चुकांचा विचार करणारी एक संस्था उभी केली. त्या दिवशी त्या खोलीत असलेले वैद्य पुन्हा कामावर रुजू झाले याचे आपणांस समाधान आहे, असे ते सांगत आले आहेत. हे वाचून आम्ही पुष्कळ वेळ थबकलो. दोष कोणाचा, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असे नाही. परंतु जी माणसे एवढे शिकली, त्यांना घरी बसविल्याने त्यांचे ते शिकणे कोणाच्याच उपयोगी पडले नसते. आपल्याकडे अशा प्रसंगी रुग्णालयाच्या काचा फुटतात. दुःख खरे असते. पण दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णालयात, त्याच चुकीच्या वाटेवर दुसरा रोगी निजविला जातो, आणि भयाने सारे अधिकच मुके झालेले असतात.

राहता राहिला रोगी. त्यालाही कर्तव्य आहे, आणि त्याविषयी आमच्या वाचकांस दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. सुपारी देवापुढे ठेवावी. ती वर्षानुवर्षे चघळली तर तोंडाचे अस्तर ताठ होऊन जबडा उघडेनासा होतो, आणि भूल देणाऱ्याची वाट अडते. खात असल्यास तसे स्पष्ट सांगावे, लाजू नये. हलणारा दात, कवळी, झोपेतले मोठे घोरणे, हेही लपवू नये. नवसाची दाढी असेल तर तिच्याखाली हनुवटी आखूड आहे की काय हे वैद्याला दिसत नाही, आणि मुखवटाही घट्ट बसत नाही. ती काढण्याविषयी त्याने विचारले तर तो धर्मावरचा घाला समजू नये. नवसाचा मार्ग देवापाशी काढता येतो. तसेच आपला उपवास आणि भुलेपूर्वीचा उपवास एक नव्हे. एकादशीला दूध व साबुदाणा चालतात. येथे हलका आहारही सहा तास आधी बंद, दूधही त्यातच धरावयाचे, आणि निव्वळ पाणी दोन तास आधीपर्यंत. पोटात काही असेल तर ते बेशुद्धीत वर येऊन फुप्फुसात उतरते. घोटभर दूध घेतले असता "काही घेतले नाही" असे सांगणारा सज्जन मनुष्य वैद्याचा सारा अंदाज एका शब्दाने खोटा पाडतो.

आणखी एक. पूर्वी एकदा नळी घालणे अवघड गेले होते, ही भविष्याची एक फार मोलाची खूण मानली जाते. आणि ती रोग्याच्या तोंडाकडे पाहून कळत नाही, झोपेत असल्यामुळे रोग्यालाही ठाऊक नसते. म्हणून असे घडले असता वैद्याने रोग्याला शुद्धीवर आल्यावर ते समजावून सांगावे व काय अडले, काय उपयोगी पडले हे कागदावर लिहून द्यावे, अशी रीत पडत आहे. आपल्यावरची नामुष्की कागदावर उतरवून रोग्याच्या हाती देणे सोपे नाही, आणि कित्येक वैद्य ती टाळतात. मिळाला तर तो कागद घरात कोठे जातो, तेही आम्ही पाहिले आहे. जन्मपत्रिका रेशमी फडक्यात गुंडाळून तीन पिढ्या जपली जाते, आणि रुग्णालयाचे कागद पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत निघतात. पत्रिकेशेजारी त्यालाही जागा करावी, आणि घरातील निदान दोघांना तो कोठे ठेवला आहे ते सांगून ठेवावे.